सेलम १६९२ : ‘हो’ म्हणणारे वाचले, ‘नाही’ म्हणणारे फासावर गेले

पायवाट

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात घोळतंय, आज लिहायला बसले.

मी बॉस्टनजवळ राहते. गेल्या सप्टेंबरात आई पुण्याहून आली होती, तिला घेऊन सेलमला गेले. ऑक्टोबरात तिथे पाय ठेवायला जागा नसते, काळ्या टोकदार टोप्या घातलेल्या माणसांनी रस्ते भरलेले असतात, म्हणून मुद्दाम आधी गेलो. गावातल्या जुन्या दफनभूमीला लागून एक लहानसं स्मारक आहे. तीन बाजूंनी दगडी भिंत, आणि त्या भिंतीतून पुढे आलेले ग्रॅनाइटचे वीस बाक. प्रत्येक बाकावर एक नाव, मरण कसं आलं ते, आणि तारीख. एवढंच. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर त्या लोकांचे शब्द कोरलेत, आपण निर्दोष असल्याचे. ते शब्द भिंतीपाशी जाऊन मध्येच तुटतात. वाक्य पुरं होत नाही, उरलेलं भिंतीखाली गडप.

आई एकेक बाक वाचत चालली होती. रिबेका नर्सच्या बाकावर कुणीतरी पिवळी फुलं ठेवली होती. मी तिला सांगितलं, ही एकाहत्तर वर्षांची होती. आई म्हणाली, “म्हातारीचं कुणी नव्हतं का गं?”

मला ते फार लागलं, कारण होतं ना! सगळे होते. नवरा होता, आठ मुलं होती, सुना-जावई होते. ३९ शेजाऱ्यांनी सह्या करून अर्ज दिला होता की ही बाई देवभीरू आहे, आम्ही तिला वर्षानुवर्षं ओळखतो. सह्या करणाऱ्यांत जोनाथन पटनमही होता, आणि रिबेकाविरुद्धच्या मूळ तक्रारीवर याच जोनाथनचं नाव होतं. एवढं सगळं असून तिला फाशी दिली.

ज्यांना ही कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅसॅच्युसेट्स ही तेव्हा इंग्रजांची वसाहत. प्युरिटन म्हणजे कडक शिस्तीचे ख्रिस्ती, इंग्लंडमधल्या चर्चवर नाराज होऊन आलेले. सैतान त्यांच्यासाठी गोष्टीतला नव्हता, रोज दाराशी उभा असलेला खराखुरा शत्रू होता. उत्तरेला फ्रेंच आणि मूळ रहिवासी टोळ्यांशी लढाई चालू, तिथून घरंदारं जळालेली माणसं पळून इकडे आलेली. सेलम व्हिलेज (आजचं डॅन्व्हर्स) हे शेतकऱ्यांचं गाव, भाऊबंदकीने आणि हद्दीच्या भांडणांनी पोखरलेलं. सॅम्युएल पॅरिस या धर्मोपदेशकाला पगार द्यायचा की नाही, सरपण पुरवायचं की नाही, यावरून गावात दोन तट.

जानेवारी १६९२ मध्ये याच पॅरिसच्या घरात त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि नात्यातली अकरा वर्षांची अ‍ॅबिगेल यांना झटके येऊ लागले. अंग वाकडं करणं, किंचाळणं, कुणी चिमटे काढतंय म्हणून ओरडणं. मेरी सिबली नावाच्या शेजारणीने उतारा सांगितला: राय नावाच्या धान्याच्या पिठात मुलींची लघवी कालवून भाकरी भाजा आणि कुत्र्याला घाला. (हे वाचताना माझ्या आजोळच्या किती गोष्टी आठवल्या सांगू.) मुलींकडून नावं वदवून घेतली गेली. पहिली तीन नावं बघा: सारा गुड, दारोदार मागून खाणारी. सारा ऑसबर्न, आजारी, कित्येक महिने चर्चला न गेलेली. आणि टिटुबा, पॅरिसच्याच घरातली गुलाम. बोट दाखवायला यांच्याहून सोपं कोण होतं?

टिटुबाने कबूल केलं. काळा पोशाख केलेला उंच माणूस, काठीवर बसून उडणं, सैतानाची वही, त्या वहीत आणखी नऊ खुणा. ‘आणखी नऊ’ म्हटल्यावर उरलेल्या सगळ्यांचा शोध सुरू झाला. वर्षभरात दीडशेच्या वर माणसांवर आरोप झाले. एकोणीस जणांना फाशी, त्यात चौदा बाया. एका ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. निदान पाच जण तुरुंगातच मेले.

आता ज्यासाठी धागा काढला ते. पन्नासेक जणांनी ‘हो, मी चेटूक करते’ असं कबूल केलं. कबुलीवर टिकून राहिलेल्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही. जे ‘मी नाही केलं’ म्हणत राहिले, ते गेले. सॅम्युएल वॉर्डवेलने आधी कबूल केलं, मग मन खाऊ लागलं म्हणून कबुली मागे घेतली, तोही गेला. ज्यांचा देवावर सगळ्यात जास्त विश्वास होता, खोटं बोलून आत्मा घाण करणार नाही असं ज्यांना वाटलं, तीच माणसं दोरावर लटकली.

रिबेकाचा खटला जूनच्या अखेरीस उभा राहिला. ज्युरीने निकाल दिला: निर्दोष. कोर्टातल्या पीडित मुली एकदम किंचाळू लागल्या, अंग टाकू लागल्या. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन ज्युरीला म्हणाला, तुमच्यावर दबाव आणत नाही, पण आरोपी काय बोलून गेली याचा विचार केलात का? झालं होतं असं की डिलिव्हरन्स हॉब्ज नावाच्या कबुली दिलेल्या बाईला साक्षीला आणलं, तेव्हा रिबेकाच्या तोंडून निघालं, “हिला कशाला आणलंत? ही आमच्यातलीच.” ज्युरी परत आत गेली. त्यांचं एकमत होईना. ज्युरीचा प्रमुख थॉमस फिस्क बाहेर आला आणि रिबेकाला विचारलं, बाई, त्याचा अर्थ काय?

रिबेकाला कमी ऐकू यायचं. ती तिथे उभी होती, दुःखात बुडालेली, आणि तिला प्रश्न ऐकूच आला नाही. ती काही बोलली नाही. गप्प राहिली म्हणजे दोषी, असं धरलं. नंतर तिने लिहून दिलं की ‘आमच्यातली’ म्हणजे आमच्यासारखी कैदी, एवढंच मला म्हणायचं होतं. गव्हर्नर फिप्सने एकदा शिक्षा थांबवली आणि ओरड झाल्यावर परत चालू केली. १९ जुलैला तिला आणखी चौघींबरोबर फाशी दिलं.

ज्याने आरोपींच्या पहिल्या चौकश्या केल्या, तो दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न स्मारकाशेजारच्या दफनभूमीत आहे, नाव कोरलेल्या दगडाखाली. फासावर गेलेल्यांतल्या बहुतेकांच्या कबरी कुठे आहेत हे आज कुणालाच माहीत नाही. आई दोन्ही जागा बघून आली आणि गाडीत बराच वेळ बोलली नाही.

तुम्हाला यातलं काय काय माहीत आहे, काय वाटतं, लिहा.

शेवंता

पायवाट, वाचून अंगावर काटा आला. मी आत्तापर्यंत समजत होते की तिथे बायकांना जाळलं. आणि तो फासावर गेलेला जॉन प्रॉक्टर आणि अ‍ॅबिगेलचं प्रेमप्रकरण होतं ना, त्यातून तिने सूड घेतला?

पायवाट

शेवंता, जाळलं युरोपात काही ठिकाणी. सेलममध्ये इंग्रजी कायदा होता, त्यात फाशी. आणि ते प्रेमप्रकरण एका गाजलेल्या नाटकामुळे लोकांच्या डोक्यात बसलंय. खरी अ‍ॅबिगेल अकरा वर्षांची पोर होती आणि प्रॉक्टर साठीचा. असं काही असल्याचा कागद नाही.

डॉ_मोगरा

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून मुलींच्या झटक्यांबद्दल थोडं लिहिते.

बऱ्याच जणांनी वाचलं असेल की राय धान्यावरच्या अर्गट बुरशीमुळे विषबाधा झाली. हा तर्क १९७६ मध्ये मांडला गेला आणि त्याच वर्षी त्याला उत्तरही आलं. मला तो पटत नाही. विषबाधा झाली तर ती घरात भाकरी खाणाऱ्या सगळ्यांना व्हायला हवी. ती आरोपी खोलीत आल्यावर सुरू होत नाही आणि आरोपीने हात लावल्यावर थांबत नाही. अ‍ॅन्डोव्हर गावात तर डोळे बांधून आरोपींचे हात पीडितांच्या अंगावर ठेवले, पीडित शांत झाली की आरोपी दोषी. हे बुरशीचं काम नाही.

सामूहिक उन्माद आपण म्हणतो त्यात माणसं सोंग करत नसतात. ताण असतो, बोलायला जागा नसते, आणि शरीर बोलायला लागतं. एकीला झालं की तिच्याकडे लक्ष जातं आणि दुसरीचं शरीर तीच भाषा शिकतं. त्या गावात नऊ-दहा वर्षांच्या मुलीने मोठ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. झटका आला की तिच्यापुढे दंडाधिकारी, धर्मोपदेशक, अख्खं गाव जीव मुठीत धरून बसायचं. आपल्याकडे मराठवाड्यात भानामतीच्या घटनांत बाया कुत्र्यासारख्या भुंकू लागायच्या, घुमायच्या, एका घरातून दुसऱ्या घरात ते पसरायचं. त्या बहुतेक सासरी पिचलेल्या सुना असायच्या. आजार खरा असतो. त्याचं कारण म्हणून जे नाव घेतलं जातं, ते खोटं असतं.

कोरडवाहू

डॉक्टर ताई, तुम्ही भानामतीचं लिहिलं म्हणून लिहितोय. कधी लिहिलं नव्हतं.

आमचं गाव नांदेडकडचं, गावाचं नाव नको. मी तिसरी-चौथीत असेन. आमच्या आळीतल्या दोघी-तिघी बायांना असंच सुरू झालं. कपड्यावर बिब्ब्याच्या फुल्या उमटायच्या, रात्री एकदम आवाज काढायच्या. मग एक जाणता आणला. त्यानं लिंबू कापलं, तांदूळ टाकले आणि म्हणाला, दक्खनेकडच्या तिसऱ्या घरातून येतंय. दक्खनेकडचं तिसरं घर माझ्या चुलत आजीचं. नवरा वारलेला, पोटी मूल नाही, दोन एकर रान तिच्या नावावर.

मारहाण नाही झाली हो, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशीपासून हिरीवर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. पीठगिरणीवाला तिचं दळण शेवटी घ्यायचा आणि दळून झालं की जातं झाडायचा. मला आईनं बजावलं, तिच्या हातचं काही खायचं नाही. ती मला पाठीवर घेऊन हिंडलेली बाई. एके दिवशी ती ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, मला म्हणाली, ये रे, घे. मी घेतल्या नाहीत. पळालो. मागे वळून बघितलं तर तिचा हात तसाच पुढे होता, ओंजळीत शेंगा.

दोन वर्षांनी ती रान विकून लेकीसारख्या एका भाचीकडे परभणीला गेली आणि तिथेच वारली. रान कुणी घेतलं ते मी लिहीत नाही, पण जाणत्याला आणायला पुढाकार घेणारे कोण होते ते गावाला ठाऊक आहे.

पायवाट ताई, तुमच्या आईनं विचारलं ना, म्हातारीचं कुणी नव्हतं का. आमच्या आजीचं आम्ही होतो. आम्ही शेंगा घेतल्या नाहीत.

शेवंता

कोरडवाहू दादा, हे लिहिलंत त्यासाठी मोठं मन लागतं. तुम्ही तेव्हा लेकरू होता हो.

उत्तरा_म

सगळ्यांचं वाचलं. कोरडवाहूंचं वाचून पोटात गोळा आला. पण डॉ. मोगरा, मला एक मुद्दा मांडायचाय. झटके येणाऱ्या सगळ्याच मुली बिचाऱ्या होत्या असं नाही.

सारा गुडच्या खटल्यात एक मुलगी ओरडली की साराच्या छायेने (देह सोडून हिंडणाऱ्या आकृतीने) मला सुरी खुपसली, आणि सुरीच्या पात्याचा तुटका तुकडाही काढून दाखवला. तेवढ्यात एक तरुण पुढे आला. त्याने आपल्या सुरीची मूठ आणि उरलेलं पातं दाखवलं आणि म्हणाला, काल माझी सुरी मोडली, हा तुकडा मी हिच्यादेखत फेकून दिला. दोन्ही तुकडे जोडून बघितले, तंतोतंत बसले. कोर्टाने काय केलं? मुलीला खोटं बोलू नकोस म्हणून समज दिली आणि तिचीच पुढची साक्ष घेतली! हे रॉबर्ट कॅलेफ या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. हिला उन्माद म्हणायचं? अशा मुलींनी एकोणीस जीव घेतले.

पायवाट

उत्तरा, तो प्रसंग मीही वाचलाय आणि तुझा राग समजतो. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि माझं म्हणणं नेमकं इथेच आहे.

मुलींनी खोटं सांगितलं असेल, निदान काहींनी नक्कीच. पण बारा वर्षांची मुलगी अटकेचं वॉरंट काढत नाही. २९ फेब्रुवारी १६९२ ला पहिली तक्रार दिली ती चार बाप्यांनी: थॉमस पटनम, एडवर्ड पटनम, जोसेफ हचिन्सन आणि थॉमस प्रेस्टन. चौघेही जमीनजुमला असलेले. त्यांतला थॉमस प्रेस्टन कोण, माहितीये? रिबेका नर्सचा जावई. आग लावणाऱ्यांत तो होता, तीन आठवड्यांत ती त्याच्या सासूच्या दारात आली.

मग हॅथॉर्नचे प्रश्न वाच, नोंदी आहेत. ‘तू या मुलींना त्रास दिलास का’ असं तो विचारत नाही. ‘तू या मुलींना का त्रास देतेस’ इथूनच सुरुवात. सारा गुड म्हणते, मी नाही देत. मग कुणाला पाठवतेस? ‘नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

आणि मुलींचीही त्यातून सुटका नव्हती. मेरी वॉरन ही प्रॉक्टरच्या घरची विशीतली मोलकरीण. तिने मध्येच सांगितलं की बाकीच्या मुली ढोंग करताहेत. लगेच तिच्यावरच चेटकाचा आरोप आला, तुरुंगात टाकलं. मग ती परत आरोप करणाऱ्यांत सामील झाली. खोटं थांबवणाऱ्याला कोर्टाने काय बक्षीस दिलं ते बाकीच्यांनी बघितलं. तुझ्या त्या सुरीच्या प्रसंगातही तसंच. मुलगी खोटी पडली, तरी तिची साक्ष चालवली कुणी? शिकलेल्या, वयाने मोठ्या, देवाचं नाव घेणाऱ्या न्यायाधीशांनी. त्यांतले काही हार्वर्डमध्ये शिकलेले होते. माझा राग तिकडे आहे.

जुना_वकील

तीस वर्षं फौजदारी बाजू लढवतोय, म्हणून पुराव्याबद्दल लिहितो.

मे १६९२ मध्ये फिप्सने या खटल्यांसाठी खास कोर्ट नेमलं. आरोपीला वकील नव्हता. त्या काळी गंभीर गुन्ह्यात तशी पद्धतच नव्हती. पण खरा घात केला तो छाया-पुराव्याने. म्हणजे फिर्यादी म्हणते, रात्री या बाईची आकृती येऊन माझा गळा दाबते. बाई म्हणते, मी त्या रात्री माझ्या घरी होते, चार साक्षीदार आहेत. तरी काही फरक पडत नाही, कारण शरीर घरी असेल, छाया हिंडत होती! आपल्याकडे आरोपीचा शेवटचा आधार असतो की गुन्ह्याच्या वेळी मी तिथे नव्हतो. तो आधारच काढून घेतला. ज्या गोष्टीला उत्तर देता येत नाही त्याला पुरावा म्हणत नाहीत.

वाद एवढाच होता की सैतान निर्दोष माणसाचं रूप घेऊ शकतो का. घेऊ शकत असेल तर सगळे खटले कोसळतात. स्टाउटनचं मत, नाही घेऊ शकत. विषय संपला. पहिली फाशी ब्रिजेट बिशपला, १० जूनला. त्यानंतर नॅथॅनियल सॉल्टनस्टॉल या न्यायाधीशाने राजीनामा दिला. त्या खंडपीठावरचा हा एक माणूस मला आपला वाटतो.

दगडांखाली मारलेला तो म्हातारा म्हणजे जाइल्स कोरी, त्याच्याबद्दल कुणी जास्त लिहिलं नाही. शेतकरी. सुरुवातीला तो स्वतःच बायकोविरुद्ध साक्ष देऊन बसला होता. मग त्याच्यावर आरोप आला. त्याने या कोर्टापुढे खटला चालवून घ्यायला नकार दिला. तेव्हा त्याला जमिनीवर आडवा करून अंगावर फळी ठेवली आणि तिच्यावर दगड चढवत गेले. त्याने जमीन आधीच दोन जावयांच्या नावे करून दिली होती. तो १९ सप्टेंबरला मेला, आणि तीन दिवसांनी त्याची बायको मार्था फासावर गेली.

अजून एक. अ‍ॅन्डोव्हरमध्ये आरोपांचं पेव फुटलं तेव्हा बॉस्टनच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाचंही नाव घेतलं गेलं. त्याने आरोप करणाऱ्यांवर हजार पौंडांचा अब्रुनुकसानीचा दावा लावायची तयारी केली. तिथले आरोप थंडावले. ज्याच्याकडे हजार पौंडांची भाषा होती तो वाचला. सारा गुडकडे काय होतं?

नर्मदाकाठ

मी सातपुड्यात धडगाव भागात बरीच वर्षं शिक्षिका होते. इकडे शब्द ‘डाकीण’. बैल मेला, पोर तापाने गेलं, की नाव शोधलं जातं आणि ते बहुधा एकट्या बाईचं निघतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याचा उपयोग मी स्वतः बघितलाय. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईला डाकीण ठरवलं, तेव्हा पहिल्यांदाच पोलीस पाटलाला सांगता आलं की हे म्हणणंच गुन्हा आहे. सेलममध्ये कायदा आरोप करणाऱ्याच्या बाजूने उभा होता, हा फरक फार मोठा आहे.

पण एक विनंती. आपल्याकडचं आणि तिकडचं सगळं एकच, असं करू नये. तिथे सरकार, चर्च आणि न्यायालय मिळून हे करत होते, लेखी, नोंदी ठेवून.

पायवाट

नर्मदाकाठ, अगदी बरोबर. आणि नोंदी म्हणजे किती! बॉस्टनच्या तुरुंगाधिकाऱ्याचं बिल शिल्लक आहे. सारा गुड आणि सारा ऑसबर्नसाठी साखळ्या, १४ शिलिंग. सारा गुडच्या बाळासाठी दोन ब्लँकेट्स, १० शिलिंग. सारा ऑसबर्न मेली तोपर्यंतचे नऊ आठवडे आणि दोन दिवस मोजलेत. आणि कैद्याने स्वतःच्या खाण्यापिण्याचे, बेड्यांचे पैसे स्वतः भरायचे! निर्दोष सुटलं तरी पैसे भरल्याशिवाय दार उघडत नव्हतं. लिडिया डस्टिन १६९३ च्या सुरुवातीला खटल्यात सुटली, पण तुरुंगाचे पैसे देता आले नाहीत आणि मार्चमध्ये तिथेच मेली. टिटुबाचे पैसे पॅरिसने भरले नाहीत. तेरा महिन्यांनी कुणीतरी ती रक्कम भरून तिला घेऊन गेलं. पुढे तिचं काय झालं याचा कागद नाही.

शेवंता

हे थांबलं कसं? आणि नंतर कुणी माफी तरी मागितली का?

पायवाट

थांबलं ते बरेच धागे एकत्र आल्यावर. १९ ऑगस्टला जॉर्ज बरोज फासाच्या शिडीवर उभा होता. हा स्वतः धर्मोपदेशक. त्याने प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हटली. चेटक्याला ती म्हणता येत नाही अशी समजूत, त्यामुळे जमावात चुळबुळ झाली, काही जण रडू लागले. घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅदर या बॉस्टनच्या धर्मोपदेशकाने लोकांना सांगितलं की सैतान देवदूताचंही रूप घेतो, आणि फाशी पार पडली. पण शंका पेरली गेली ती गेलीच. सप्टेंबरात रिबेकाची बहीण मेरी ईस्टी हिने फाशीआधी अर्ज दिला. त्यात ती म्हणते, मी माझा जीव मागत नाही, मला मरायचंय हे मला कळलंय, पण आणखी निष्पाप रक्त सांडू नका. कुणीही कधीही कोर्टाला लिहिलेला याहून मोठा कागद मी वाचलेला नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॉटनचे वडील इन्क्रीज मॅदर यांनी लिहिलं की एक निर्दोष मरण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. तोवर मोठमोठ्यांची नावं येऊ लागली होती, फिप्सच्या बायकोचंही घेतलं गेलं म्हणतात. महिनाअखेरीस फिप्सने ते कोर्ट बरखास्त केलं. नव्या कोर्टाने छाया-पुरावा बाजूला ठेवल्यावर बहुतेक सगळे सुटले.

माफीचं म्हणशील तर, १४ जानेवारी १६९७ हा उपवासाचा दिवस पाळला गेला. त्या दिवशी न्यायाधीश सॅम्युएल सीवॉल बॉस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि दोष माझा आहे ही त्याची चिठ्ठी वाचली जात असताना तो उभाच होता. ज्युरीतल्या बारा जणांनीही लेखी माफी मागितली, त्यात थॉमस फिस्क होता. स्टाउटनने कधीच मागितली नाही. १७०६ मध्ये अ‍ॅन पटनम, आरोप करणाऱ्यांतली, तेव्हा बारा वर्षांची, आता सव्वीसची, गावच्या चर्चमध्ये उभी राहिली आणि रिबेका आणि तिच्या बहिणींचं नाव घेऊन माफी मागितली. तीसुद्धा दोष सैतानाच्या भुलीवर ठेवते, हे खरं, पण मुलींमध्ये जाहीर माफी मागणारी ती एकटीच.

उत्तरा_म

अ‍ॅन पटनमचं माहीत नव्हतं. माझं ‘मुलींनी जीव घेतले’ हे वाक्य मी मागे घेते. मेरी वॉरनचं वाचल्यावर रात्रभर तेच डोक्यात होतं.

आणि कायद्याने नावं साफ झाली ती कधी? १७११ मध्ये बावीस जणांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि भरपाई मिळाली, पण सगळ्यांची नावं त्यात नव्हती. ब्रिजेट बिशपसह पाच जणींची नावं २००१ मध्ये घातली. आणि शेवटची एलिझाबेथ जॉन्सन, जिला मृत्युदंड झाला पण फाशी टळली, तिचं नाव साफ व्हायला जुलै २०२२ उजाडला! तेही नॉर्थ अ‍ॅन्डोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केला म्हणून. तिला मूलबाळ नव्हतं, मागे नाव काढणारं कुणी नव्हतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांनी काढलं.

कोरडवाहू

आठवीच्या पोरांनी. हे वाचून बरं वाटलं.

डॉ_मोगरा

पायवाट, तुमच्या बिलात सारा गुडच्या बाळाची ब्लँकेट्स आहेत. तिची आणखी एक मुलगी होती ना, चार वर्षांची? तिलाही अटक झाली होती असं वाचल्याचं आठवतं. तिचं पुढे काय झालं?

पायवाट

होय डॉक्टर. डॉरथी. चार-पाच वर्षांची. मुलींनी सांगितलं की तिची छाया येऊन आम्हाला चावते, आणि तिला पकडून आणलं. दंडाधिकारी तुरुंगात जाऊन तिची चौकशी करून आले. ती म्हणाली, आईने मला एक छोटा साप दिलाय, तो माझं बोट चोखतो. कुठे, असं विचारल्यावर तिने तर्जनीचं खालचं पेर दाखवलं. तिथे पिसू चावल्याएवढा लाल ठिपका होता. तो पुरावा म्हणून लिहून घेतला.

बाळ तुरुंगातच गेलं. आईला १९ जुलैला रिबेकाबरोबर फाशी झाली. नवरा विल्यम गुड चौकशीत म्हणाला होता की माझी बायको एक तर चेटकीण आहे नाहीतर लवकरच होईल.

१७१० मध्ये याच विल्यमने भरपाईसाठी अर्ज केला. त्यात तो लिहितो की माझी चार-पाच वर्षांची मुलगी सात-आठ महिने तुरुंगात होती, तिला अंधारकोठडीत साखळीने बांधलं होतं, तिथे ती इतकी भेदरली की तेव्हापासून तिला स्वतःला सांभाळण्याइतकी समज राहिलेली नाही आणि तिच्यावर सतत खर्च करावा लागतो. अर्ज केला तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची असेल.

विल्यमला तीस पौंड मिळाले.